रुसायला एक घर

व्हिसाची वाट बघणारी माणसं मी लांबूनच ओळखते. जिबूतीत तंदूर लावून माझी हयात गेली, आणि माझ्या डोक्यावरची ती एक खोली यमनमध्ये लढाई सुरू झाल्यापासून कधी रिकामी राहिलेली नाही. खोली न मिळालेले जिन्यातच पथाऱ्या टाकून असतात. ही माणसं सामान पुरतं सोडत नाहीत. चार भांडी बाहेर काढतात, बाकीचं बोचकं दोरीनं बांधलेलं तसंच भिंतीला टेकवून ठेवतात. खिडकीला पडदा लावायचा नाही, उशीला अभ्रा घालायचा नाही, कारण आज ना उद्या निघायचंच आहे ना! मग उन्हाळा येतो, धुळीचा वारा सुटतो, वीज जाते, आणि ती दोरी जागच्या जागी कुजून जाते.

नबात आली तेव्हा तिच्याकडे बोचकंसुद्धा नव्हतं. यमनच्या मोखा बंदरातून होडीनं समुद्रापलीकडे ओबोकला, ओबोकहून इकडे. एका हातात सहा वर्षांचा वजदी, दुसऱ्या हातात प्रेशर कुकर, आणि मागून तेरा वर्षांची इल्हाम तोंड फुगवून चाललेली. मी म्हटलं, "बाई गं, लोक दागिने घेऊन पळतात, तू कुकर घेऊन पळालीस?"

"दागिने होडीवाल्यानं घेतले," ती म्हणाली. "कुकर त्याला नको होता."

तिथंच ती मला आवडली. आमच्याकडे नबात म्हणजे खडीसाखर. नाव बापानं बरोबर ठेवलं होतं, कारण ही बाई पाण्यात पडली म्हणून लगेच विरघळणारी नव्हती.

तिचं माहेर तइझच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं आता घर नाही, खड्डा आहे. बाप आणि भाऊ दुपारचे जेवत होते आणि गोळा पडला. ती तेव्हा सासरच्या गावी होती. बातमी कळून, वाटेतल्या साऱ्या चौक्या ओलांडून ती पोचली तेव्हा पुरूनही झालं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही कणीक मळताना, आणि वर म्हणाली, "खाला, मीठ जरा जास्त झालं वाटतं." मीठ बरोबर होतं.

नवरा हिजाम, न्यूयॉर्कमध्ये. कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यावर उभा. तिकडचा नागरिक झाला तशी त्यानं बायकोसाठी अर्ज घातला होता, पुढं पोरांची नावं त्यात चढवली. सना शहरातली अमेरिकेची वकिलात लढाईत बंद पडली, फाइल जिबूतीला आली. फाइलीला होडीत बसावं लागत नाही, ती नबातच्या कितीतरी आधी येऊन इथं बसली होती.

पंधरा वर्षांचा संसार, आणि त्यात नवरा तीनदा घरी आलेला. बाकी सगळा फोनवर. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. वजदीनं तर बापाला हाडामांसाचं कधी बघितलंच नव्हतं. बाप म्हणजे शुक्रवारी दुपारी येणारा आवाज, असं त्याला वाटायचं. आणि तो आवाज सगळ्या घराला ऐकू यायचा, कारण नबातचा फोन होडीत आपटला होता आणि कानाला लावून काही ऐकू येत नव्हतं, फक्त मोठ्यानं वाजायचा.

"इल्हामची आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुम्ही जेवलात?"

आमच्यात बायकोचं नाव चारचौघांत घेत नाहीत. दुसऱ्या पुरुषाच्या कानावर पडलं तर ती बेअदबी. न्यूयॉर्कच्या त्या दुकानात अरबी कळणारं कोण होतं कुणास ठाऊक, पण हिजाम तिथंही इल्हामची आईच म्हणायचा. मला वाटतं, हळूहळू तो तिचं नावच विसरला असावा.

ती आपणहून खाली यायला लागली. पहाटे मी पीठ भिजवायला बसले की ही बाह्या वर सारून हजर. मी म्हटलं, "पोरी, तुझ्याकडून भाडं घेते मी, काम नाही." तर म्हणाली, "रिकामी बसले की कानात गोळे वाजतात." मग मी परात तिच्याकडे सरकवली. तंदूरात हात घालायला तिला भीती वाटत नसे. रोटी भिंतीला अशी थापटायची की जशी काही कुणाच्या थोबाडीत मारतेय. दुपारी इथिओपियाहून कात नावाची चघळायची नशेची पानं आली की सगळा मोहल्ला गाल फुगवून आडवा पडतो. आम्ही दोघी तेव्हा दुधाचा चहा घेऊन जिन्याखाली बसायचो. बोलायचो काही नाही. थकलेल्या बाईला बोलकं माणूस सोसत नाही, आणि मी किती बोलकी आहे ते तुम्ही बघताच आहात. तरी गप्प बसायची मी, देवाशपथ.

असं करता करता एकदाची मुलाखतीची तारीख आली. आणि तिच्या मागोमाग हिजामचा फोन.

"लग्नाचा फोटो हवा. दोघांचा."

नबात हसली. तिला मी पहिल्यांदाच हसताना बघितलं. "तो कुठून आणू? तुम्ही तलवार खांद्यावर घेऊन चुलत्याच्या घरी बसला होतात, आणि मी खालच्या आळीला. दारात तुमची आत्या सगळ्या बायकांचे फोन टोपलीत गोळा करत होती."

खरंच आहे ते. आमच्या लग्नात नवरा एका घरी, नवरी दुसऱ्या घरी. बायका सजलेल्या, केस मोकळे सोडलेले, मग तिथं कॅमेरा शिरू देतील? कुणी चोरून फोटो काढला तर खून पडतील. लग्न जितकं खानदानी तितका फोटो कमी. आता हे वकिलातीतल्या त्या खिडकीमागच्या माणसांना कोण सांगणार? आणि सांगायचं सोडून आपल्या माणसांनी काय शोधून काढलं, तर इद्रिस.

इद्रिसचं बाजारात फोटोचं दुकान आहे. व्हिसावाल्यांना तो लग्नं लावून देतो. हिजामच्या दोस्तांनी त्याला सांगितलं, अरे सगळे तिथूनच करून घेतात. इद्रिसनं नबातचा पासपोर्टचा फोटो घेतला, हिजामचा तरुणपणीचा कुठला तरी घेतला, आणि दिलं जमवून. खाली पांढरा झगा, मागे धबधबा, बाजूला दोन बदकं. आणि झग्याच्या वर नबातचं पासपोर्टवरचं तोंड, म्हणजे ठाण्यात बसवून ठेवल्यासारखं. दंड उघडे होते ते त्यानं रंगानं झाकले होते, तर एक बाही दुसरीपेक्षा लांब.

इल्हाम हसून हसून जिन्यावर बसली. "आई, ही मान कुणाची गं?"

नबातनं फोटो बराच वेळ बघितला. "ही जी कोण बया आहे तिच्याशी लग्न केलं असेल तर तिलाच न्या म्हणावं," ती म्हणाली, आणि तो पालथा घालून ठेवला. पण उपयोग काय? इद्रिसनं तो आधीच हिजामला पाठवला होता आणि हिजामनं फाइलीत लावूनही टाकला होता.

पुढच्या शुक्रवारी ती फोनवर म्हणाली, "तिथं उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते म्हणे."

"मग घे की."

"आणि फोटोचं विचारलं तर?"

"सांग, आमच्या लग्नाचा आहे."

"पण तो नाहीये ना आपल्या लग्नाचा."

"अगं, सगळे देतात! तू कोण मोठी काझीची लेक लागून गेलीस?"

"काझीची नाही. पण ज्याची होते त्यानं मला खोटी शपथ शिकवली नाही. आणि तो आता मातीत आहे, मला त्याच्या नावाला काळं फासायचं नाही."

तिकडे दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक ओरडत होतं. हिजामचा आवाज चढला. "पोरांचा विचार कर! एवढी वर्षं उभा राहून माझ्या पायांच्या शिरा फुटल्या, आणि तू एका फोटोवरून सगळ्यावर पाणी ओतणार?" मग एकदम म्हणाला, "माझ्यावर तलाक! त्या खिडकीपाशी फोटो खोटा आहे असं तुझ्या तोंडून निघालं, तर तू माझी बायको नाहीस!"

आणि फोन बंद. जिन्यात सगळे जिथल्या तिथं उभे राहिले.

आता आमच्या पुरुषांची ही खोड तुम्हाला सांगायला हवी. त्यांच्या जिभेवर तलाक असा बसलेला असतो की विचारू नका. चहा घेतल्याशिवाय गेलास तर माझ्यावर तलाक. हा मासा आज सकाळचा नसेल तर माझ्यावर तलाक. बायको बिचारी घरी कांदा चिरत बसलेली, तिला पत्ताही नसतो की आपला संसार बाजारात माशाच्या कल्ल्याला टांगलाय. उचलली जीभ लावली टाळ्याला. बायकाही कानाआड करतात, नाहीतर यमनमध्ये एक लग्न टिकलं नसतं. पण हे माशावरून नव्हतं. हे तिच्याबद्दल होतं, तिलाच उद्देशून होतं, आणि घरभर वाजलं होतं.

वजदीनं विचारलं, "बाबा कुणाला ओरडले?" नबात म्हणाली, "गिऱ्हाइकाला."

मुलाखतीच्या दिवशी टॅक्सीतून मी बरोबर गेले. आत तिघांनाच सोडलं. मी समोरच्या बाभळीखाली बाकीच्या वाट बघणाऱ्यांत बसले. मला काय मागावं तेच कळेना. ती खोटं बोलू दे म्हणून दुआ मागू, की खरं बोलू दे म्हणून? शेवटी म्हटलं, अल्ला, त्यांना फोटोच सापडू देऊ नकोस.

आत काय झालं ते मला इल्हामनं सांगितलं. खिडकीमागे कोवळा पोरगा होता, उन्हानं नाक सोललेला, आणि शेजारी दुभाषी. नबातनं हात वर केला, शपथ घेतली. नाव, गाव, पोरांचे जन्म, नवऱ्याचा पत्ता, सगळं नीट झालं. मग त्यानं तो फोटो काचेला लावला. "हा कुठं काढलाय?"

नबात त्या दोन बदकांकडे बघत राहिली, दुभाष्यानं पुन्हा विचारलं. इल्हामनं मागून तिचा झगा ओढला. त्या पोरीलाही ठाऊक होतं की आईच्या एका शब्दावर काय काय टांगलंय. खोटं बोलावं तर अल्लासमोर तोंड काळं, खरं बोलावं तर नवऱ्याच्या घराचं दार बंद, आणि कदाचित अमेरिकेचंही.

"हा फोटो खोटा आहे," नबात म्हणाली. "बाजारात बनवलाय. लग्न खरं आहे."

"मग खऱ्या लग्नाचं सांगा," तो पोरगा म्हणाला.

तिनं सांगितलं. जनरेटर बंद पडला आणि बायकांनी अंधारातच गाणी म्हटली. नवरदेव खोलीत आला तो तापानं फणफणलेला, मुंडासं डोळ्यांवर सरकलेलं. तलवार कुठं ठेवावी ते त्याला कळेना, शेवटी तिनंच ती घेतली आणि कपाटामागे उभी केली. तो पहिला शब्द बोलला तो ‘पाणी’. रात्रभर ती त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत बसली आणि सकाळी त्याच्या आत्यानं विचारलं तेव्हा दोघंही लाजून खोटं बोलले. "तेवढं एक खोटं आम्ही बोललोय," ती म्हणाली. इल्हाम मला म्हणाली, "खाला, दुभाषी हसला. साहेब नाही हसला, तो नुसता लिहीत होता." मग त्यानं पासपोर्ट ठेवून घेतले आणि सांगितलं की नातं पडताळायला पोरांच्या आणि बापाच्या लाळेची तपासणी होईल, मग बघू. वजदीचं नाक बघितलं असतं तरी काम भागलं असतं, पण असो.

नबात बाहेर आली, माझ्याशेजारी मातीत बसली. तोंडावरचा नकाब वर करून तिनं घाम पुसला.

"खाला, सुटले मी."

"व्हिसा?" मी म्हटलं.

"नाही. नवऱ्यापासून."

मी तिला दोन मौलवींकडे नेलं. एक म्हणाला, तलाक पडला, पण तीनातला एकच पडला, नवरा परत घेऊ शकतो. दुसरा म्हणाला, धाक घालायला बोलला होता, मनात तसं नव्हतं, दहा गरिबांना जेवू घाला म्हणजे झालं. परतताना नबात म्हणाली, "दहा गरीब शोधायला लांब कशाला जायचं? आपल्याच जिन्यावर बसलेत." पण तिनं दोघांचंही ऐकून सोडून दिलं. "मौलवींनी ऐकलं नव्हतं खाला, मी ऐकलं होतं. माझ्या कानाला तो पडला."

तिनं त्याला निरोप धाडून काय झालं ते कळवलं. उत्तर आलं नाही. शुक्रवार यायचा, फोन मध्ये ठेवून आम्ही बसायचो, तो वाजायचा नाही. पैसे मात्र येत होते, तेवढा माणूस तो होता. उन्हाळा चढला. पोरांच्या अंगावर घामोळं उठलं. इल्हाम आईशी बोलेनाशी झाली. पोरीला वाटत होतं की शाळा, बाप, अमेरिका, सगळं आईनं एका वाक्यात घालवलं. एकदा तर तोंडावरच म्हणाली, "तेलही गेलं, तूपही गेलं." नबातनं पिठाचा हात झटकला आणि म्हणाली, "धुपाटणं आहे ना हातात? रोट्या मोज."

आणि मग, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, निरोप आला. पासपोर्ट घेऊन जा. तिघांचाही व्हिसा झाला होता. खरं बोललं तर गाडं पुढं जातं, ही गोष्ट आमच्या जिन्यातल्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. लोक वर येऊन तो कागद हात लावून बघायला लागले, जसा काही गरम आहे.

त्या शुक्रवारी फोन वाजला.

"इल्हामची आई! ऐकलंस ना? झालं! तिकिटं काढतो मी."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? तुझी, पोरांची."

"मी कोण?"

तो चाचरत म्हणाला, "अगं, ते रागात... माणूस बोलतो गं. बरं, मी तुला परत घेतलं. ऐकलंस? घेतलं परत. साक्षीला खाला वहीबा आहेच."

"मला ओढू नकोस मध्ये," मी ओरडले. "मी पीठ मळतेय!"

नबात शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. घेतलंत, मी तुमची बायको. पण मी रुसून माहेरी आलेय. मला न्यायला या."

यात नवीन काही नव्हतं. आमच्याकडे नवऱ्यानं बायकोचा अपमान केला की ती उठते आणि बापाच्या घरी जाऊन बसते. मग नवऱ्यानं चार शहाणी माणसं आणि एक बकरा घेऊन सासऱ्याच्या दारात यायचं, चुकलं म्हणायचं, बकरा कापायचा, सगळ्यांनी जेवायचं आणि तिला मानानं न्यायचं. तोपर्यंत खुद्द सुलतान आला तरी ती हलत नाही. हे हिजामला चांगलं ठाऊक होतं.

"माहेरी? तुझं माहेर तर..." तो म्हणाला आणि थांबला. बोलून गेल्यावर त्याला कळलं असावं.

"माझं माहेर इथं आहे," ती म्हणाली. "खाला वहीबाच्या घरी."

कोपरापर्यंत पीठ लागलेलं, आणि मी एकदम कुणाचं तरी माहेर झाले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. माझे दोन्ही मुलगे फ्रान्समध्ये, ईदेला फोन करतात तो पण घाईत. मला पोरगी नव्हती. मी उठून आत गेले आणि उगाच मिठाचा डबा शोधत बसले.

पण म्हणून मी तिला सोडलं असं नाही. व्हिसावर तारीख असते, ती उलटली की तो नुसता कागद. चार दिवस मी दम धरला आणि मग बरसले. "अगं, या चिठोऱ्यासाठी लोक समुद्रात बुडतायत, आणि तू बकरा मागत बसलीस? त्याचं दुकान आहे, मालक आहे. तो नाही आला तर? पोरांना घेऊन परत त्या खड्ड्यात जाणार आहेस?"

"तो आला नाही तर मी जाईन," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी मान खाली घालून जाईन, खाला. पोरांसाठी जावंच लागेल. मला तेवढं कळतं."

"मग हा हट्ट कशाला?"

ती कणीक मळायची थांबली. "तू सांग, तिकडे गेल्यावर तो असं पुन्हा बोलला तर मी कुठं जाऊ? तिकडे माझं कोण आहे? आमच्या गावात नवरा बोलायच्या आधी चारदा विचार करतो, कारण त्याला दिसत असतं की डोंगराच्या पलीकडे हिचा बाप बसलाय, भाऊ बसलाय. माझ्यामागे आता कुणी नाही हे त्याला कळलंय, म्हणून तर ती जीभ सुटली. मला रुसायचं असेल तर ते इथंच रुसून घ्यायला हवं. हिच्यामागे एक दार आहे, एवढं त्यानं एकदा डोळ्यांनी बघू दे. मग मी कुठंही जाईन." आणि मग म्हणाली, "मी फार थकलेय गं खाला. पण या एका गोष्टीला थकून चालणार नाही."

डोळ्यांत धूर गेला म्हणून मी पदरानं डोळे पुसले. तंदूर अजून पेटवायचा होता.

आठवडे गेले. हिजाम पैसे पाठवायचा, मालकाला विचारतो म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू म्हणायचा. व्हिसाची तारीख जवळ येत गेली. इल्हामनं भिंतीवर रेघा मारायला घेतल्या आणि नबातनं त्या ओल्या फडक्यानं पुसल्या. मी मनातल्या मनात तिची बॅग भरायला घेतली होती. बाजारातून दोरीसुद्धा आणून ठेवली होती.

आणि एका भर दुपारी, सारा मोहल्ला पानं चघळत पडला असताना, गल्लीत बकरा ओरडला.

मी बाहेर आले. उन्हात एक माणूस उभा होता. केस पिकलेले, पाय सुजलेले, विमानातले कपडे चुरगळलेले, हातात दोरी आणि दोरीला एक बकरा, तोही लंगडा. बाजारात कुणीतरी नवीन माणूस बघून गळ्यात मारलेला. त्याच्यामागे शहाणी माणसं म्हणून दोघं, कोपऱ्यावरचा चहावाला आणि फोटोवाला इद्रिस. हिजामला जिबूतीत दुसरं ओळखतं कोण? वर खिडकीत इल्हाम आणि वजदी. वजदीनं मोठ्यानं विचारलं, "बाबा कुठला? दोरी धरलेला का?"

मी दारात आडवी उभी राहिले. "कुणाकडे आलात?"

"खाला वहीबा..." तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुमच्या मुलीला न्यायला आलोय."

तुमच्या मुलीला. मला वाटलं होतं, मी त्याला चांगला तासभर उन्हात उभा करीन. सगळं ठरवून ठेवलं होतं मी, काय काय बोलायचं ते. पण ते सगळं विसरून मी नुसता पदर सारखा केला. शेवटी म्हटलं, "माझ्या मुलीनं काय केलं होतं?"

"काही नाही. खरं बोलली. चूक माझी."

"ती शपथ पुन्हा तोंडातून निघेल?"

"नाही निघणार."

आतून, जिन्यावरच्या पडद्यामागून नबातचा आवाज आला. "खाला, जोरात म्हणायला सांग. तंदूरच्या आवाजात ऐकू नाही आलं."

तंदूर विझलेला होता.

"नाही निघणार!" तो ओरडला, आणि शेजारच्या तीन खिडक्या उघडल्या. मग त्यानं बकऱ्याची दोरी माझ्या हातात दिली, भिंतीला टेकला आणि तोंड ओंजळीत घेतलं. "मालकानं काढून टाकलं मला, खाला," तो हळूच म्हणाला. "सुट्टी देत नव्हता. तरी आलो." हे काही कुणाला दाखवायला बोलला नाही तो. दमलेलं माणूस दमलेल्या माणसाला सांगतं तसं बोलला.

पडदा हलला. नबात खाली आली, पायरी पायरीनं. दोघं समोरासमोर उभे राहिले, आणि मला दिसलं की दोघांनाही पुढं काय करायचं ते माहीत नाही. त्या खोट्या फोटोत कसे खांद्याला खांदा लावून उभे होते! इथं दोघांमध्ये हातभर अंतर आणि एक बकरा.

"नबात," तो म्हणाला.

गल्लीत. परक्या पुरुषांसमोर. चहावाला खोकला आणि आभाळाकडे बघायला लागला. इद्रिसनं मान खाली घातली. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. नबातचे डोळे तेवढे दिसत होते नकाबातून, ते भरून आले.

"बकरा लंगडा आहे," ती म्हणाली. "चला आत, ऊन लागेल."

तो बकरा आम्ही कापला, सगळा जिना जेवला. दहा गरिबांचं कामही त्यातच उरकलं. इद्रिस म्हणाला, आता खरा फोटो काढतो, फुकट. नबात म्हणाली, "कॅमेरा बाहेर काढलास तर त्याच बकऱ्याबरोबर तुलाही कुकरमध्ये घालीन." व्हिसाला थोडेच दिवस उरले होते. ते निघाले तेव्हा तिनं कुकर माझ्याकडे ठेवला, आणि दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाली, "खाला, रुसले तर येईन."

"ये," मी म्हटलं. "खोली आहेच."

आता फोन मला येतो, शुक्रवारी. हिजामला दुसरं दुकान मिळालंय, इल्हाम शाळेत जाते, वजदी बापाशी भांडतो. मी आधी विचारते, "रुसलीस का गं?" ती म्हणते, "अजून नाही, खाला." पलीकडून हिजाम ओरडतो, "घाबरवू नका हो!" मग ती विचारते की खोलीची खिडकी दुरुस्त केलीस का, पंखा चालतो का. मी सांगते, सगळं आहे तसंच आहे.

वरच्या खोलीत सध्या यमनमधल्या होदेदाहून पळून आलेलं एक कुटुंब आहे, सहा माणसं, आणि जिन्यात आणखी दोन कुटुंबं त्याच खोलीची वाट बघत बसलीत. नबातला मी हे सांगितलेलं नाही.